डिस्नेच्या वाटेवरची पहिली शर्यत

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या करमणूक-पार्कांच्या नगरीत दर जानेवारीत मॅरेथॉन वीकेंड भरतो. पहिली मॅरेथॉन झाली 1994 साली. आता गुरुवारी 5 किलोमीटर, शुक्रवारी 10, शनिवारी 21 ची अर्धमॅरेथॉन आणि रविवारी 42 ची पूर्ण, असा चार दिवसांचा जत्रेसारखा थाट असतो. चारही दिवस धावणारे महाभागसुद्धा आहेत. त्या प्रकाराला डोपी चॅलेंज म्हणतात, बेरीज होते 78 किलोमीटर. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या नादाला लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एकच शर्यत निवडा. नोंदणी काही महिने आधी उघडते आणि जागा भराभर संपतात. तुमचा बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, दुसऱ्याला देता येत नाही, तेव्हा नीट विचार करूनच नाव घाला. आणि हो, शर्यतीच्या शुल्कात पार्कचं तिकीट धरलेलं नसतं.

आता मुख्य मुद्दा. या शर्यतीत मैलामागे 16 मिनिटांची मर्यादा असते, म्हणजे किलोमीटरला साधारण 10 मिनिटं. ऐकायला सोपं वाटतं. भरभर चालणाऱ्यालाही एक किलोमीटर तेवढ्यात जमतो. पण अर्धमॅरेथॉनला ही गती साडेतीन तास टिकवायची असते, पूर्ण मॅरेथॉनला सात तास. सगळ्यात शेवटी, याच गतीने, हातात फुगे घेतलेल्या काही स्वयंसेविका चालत असतात. धावपटू त्यांना ‘बलून लेडीज’ म्हणतात. त्यांच्या मागे पडलात की तुम्हाला बसमध्ये बसवून शेवटाकडे नेऊ शकतात.

गंमत अशी, की धावपटूंना गटागटाने सोडतात आणि या बायका सर्वांत शेवटच्या गटाबरोबर निघतात. म्हणजे तुम्ही पुढच्या गटात असाल, तर जितकी मिनिटं आधी सुटलात तितकी मिनिटं तुमच्या खिशात. म्हणून आधी त्यांच्या नियमांत बसणाऱ्या अधिकृत शर्यतीत धावा, वेळ नोंदवा आणि ती नोंदणीच्या वेळी द्या. वेळ दिली नाही, तर नवख्याला मागच्या गटात उभं करतात आणि मग शिल्लक जवळपास शून्य.

ही शिल्लक लागते कशाला? फोटोला! रस्त्यात जागोजागी मिकी, गूफी, राजकन्या, खलनायक उभे असतात आणि प्रत्येकासमोर रांग. एका रांगेत 10 मिनिटं सहज जातात, घड्याळ मात्र थांबत नाही. तुम्ही किलोमीटरला 9 मिनिटांनी धावत असाल, तर अख्ख्या अर्धमॅरेथॉनमध्ये साधारण 20 मिनिटं वाचतात. म्हणजे दोन फोटो, आणि शौचालयाची रांग लागली तर एकच. मी तर म्हणेन, आपलं लाडकं पात्र आधीच ठरवून ठेवा आणि बाकीच्यांना धावता धावता हात करा.

सरावातही हाच हिशेब ठेवा. 1972 च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले जेफ गॅलोवे यांनी थोडं धावा, थोडं चाला अशी पद्धत लोकप्रिय केली. इथे ती फार उपयोगी पडते, कारण दम लागण्याआधीच चालायला घेतलं की शेवटचे किलोमीटर रखडत नाहीत. फक्त चालायला लागण्याआधी हात वर करा आणि कडेला व्हा. पार्कमधल्या वाटा अरुंद असतात. सिंड्रेलाच्या किल्ल्याखालून जाताना तर खांद्याला खांदा लागतो. तिथे मधेच थांबून सेल्फी काढणाऱ्याला मागचे काय म्हणत असतील, ते मी आकाशवाणीवर सांगू शकत नाही.

झोपेचं काय? शर्यत पहाटे 5 वाजता सुटते. रस्ते बंद होतात, म्हणून हॉटेलातून बस त्याच्या बऱ्याच आधी निघते आणि उठावं लागतं दोन-अडीचला. बसमधून उतरल्यावर तपासणी, मग सुरुवातीच्या जागेपर्यंत चांगलीच पायपीट. शर्यतीआधी भरणाऱ्या एक्स्पोत, म्हणजे धावपटूंच्या प्रदर्शनात, बिब घ्यायला स्वतः जावं लागतं, फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. तिथे दुकानंही मोहात पाडतात, पण आदल्या दिवशी एक्स्पो आणि पार्क दोन्ही हिंडलात तर पाय शर्यतीआधीच संपतात. पार्क शर्यतीनंतरच्या दिवसांसाठी राखून ठेवा.

वेशभूषा करायची असेल तर खुशाल करा, निम्मी मजा त्यातच आहे. जमिनीवर लोळणारा घोळ नको, आणि मोठ्यांनी चेहरा झाकणारा मुखवटा घालायचा नाही, असा नियम आहे. तो वेश घालून सरावात एकदा तरी लांब पल्ला धावून बघा. काखेत, मांड्यांना कापड घासून कातडी सोलवटते, ते तेव्हाच कळलेलं बरं. व्हॅसलीन लावायला विसरू नका. पायांत मात्र जुने, रुळलेले बूट.

जानेवारीतली फ्लोरिडा लहरी असते. पहाटे कुडकुडायला होतं आणि ऊन वर आलं की घाम फुटतो. टाकून देता येईल असा जुना स्वेटर अंगावर ठेवा; रस्त्यात काढलेले कपडे गोळा करून दान करतात. 2017 साली विजांच्या धोक्यामुळे अर्धमॅरेथॉन ऐन वेळी रद्दच करावी लागली होती, तेव्हा हवामान खात्याकडेही लक्ष असू द्या.

शेवटची रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका, थोडं चालत राहा, काहीतरी खा. घरचे न्यायला येणार असतील तर भेटायची नेमकी जागा आदल्या रात्रीच ठरवा, कारण त्या गर्दीत फोन लागेलच असं नाही. परतीचं विमान त्याच संध्याकाळचं काढू नका. नमस्कार.