ला रोशेलहून डब्लिनला: एली बूएरो आणि त्यांचे ग्रंथ

जिना चढून आत आले की दुतर्फा ओक लाकडाची ही काळसर, उंच कपाटे दिसतात. डब्लिनमध्ये सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलच्या शेजारी असलेले हे ग्रंथालय आर्चबिशप नार्सिसस मार्श यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी उभारले. त्याचे पहिले ग्रंथपाल मात्र आयरिश नव्हते आणि इंग्रजही नव्हते. एली बूएरो हे फ्रान्समधून परागंदा झालेले ह्यूगनॉट, म्हणजे कॅल्व्हिनच्या पंथातले प्रोटेस्टंट, आणि व्यवसायाने वैद्य होते.

बंदराच्या तोंडाशी पहारा देणारे हे दोन बुरूज त्यांच्या जन्मगावचे, ला रोशेलचे आहेत. 1628 मध्ये राजाच्या सैन्याने दीर्घ वेढ्यानंतर हे प्रोटेस्टंट शहर जिंकले, तेव्हा जमिनीकडची तटबंदी पाडण्यात आली आणि समुद्राकडचे बुरूज तेवढे राहिले. बूएरो यांचा जन्म त्यानंतरचा, 1643 चा. सोमूर येथे धर्मशास्त्राचे अध्ययन करून ते वैद्यकाकडे वळले, 1667 मध्ये ऑरांज येथे त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली आणि गावी परतून रुग्ण तपासू लागले.

हा ग्रंथ मात्र वैद्यकाचा नाही. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या तत्त्वज्ञाने ख्रिस्ती धर्मावर कठोर टीका करणारे पुस्तक लिहिले होते आणि तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने आठ भागांत त्याचे खंडन केले. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्याच शब्दांत मांडायचे आणि मगच उत्तर द्यायचे, ही ओरिजेनची रीत आपल्याकडील पूर्वपक्षाच्या परंपरेशी जुळणारी आहे. सेल्ससचे मूळ पुस्तक आज उपलब्ध नाही. त्याचे जे शब्द उरले, ते त्याला खोडून काढणाऱ्याच्याच पानांत उरले. फ्रेंच अकादमीचे पहिले सचिव व्हालांतँ कोंरार यांच्या आग्रहावरून बूएरो यांनी या ग्रीक ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर हाती घेतले. रुग्णसेवा, देशत्याग आणि चाकरी यांतून वाट काढत ते टिपांसह पूर्ण होऊन 1700 मध्ये ॲम्स्टरडॅम येथे छापले गेले, तोवर कोंरार यांच्या निधनाला पंचवीस वर्षे झाली होती. धर्मवादात उतरलेल्या माणसाने एवढे आयुष्य या ग्रंथाला द्यावे, यातच त्यांची वृत्ती आम्हांला दिसते.

दरम्यान फ्रान्समध्ये प्रोटेस्टंटांचे व्यवसाय एकेक करून बंद होत होते. 1680 मध्ये प्रोटेस्टंट सुईणींना मनाई झाली, 1685 च्या ऑगस्टमध्ये नव्या प्रोटेस्टंट वैद्यांना, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना धर्माचरणाची मुभा देणारा नांतचा आदेशच रद्द केला. धर्मोपदेशकांना पंधरा दिवसांत देश सोडण्यास फर्मावण्यात आले; इतर कोणी देश सोडताना सापडल्यास पुरुषांना गलबतांवर वल्ही मारण्याची शिक्षा होती. बूएरो कुटुंबासह इंग्लंडला निसटले. पॅरिसमधील इंग्रज राजदूताला आपला ग्रंथसंग्रह विकल्याचा देखावा करून त्यांनी तो सीमेपार काढला, असे सांगितले जाते.

पुढची वर्षे दुसऱ्यांच्या पदरी चिटणिशी करण्यात गेली: आधी स्वित्झर्लंडमध्ये इंग्रज राजदूताकडे, नंतर स्वतः ह्यूगनॉट असलेल्या लॉर्ड गॉलवे यांच्याकडे आजच्या उत्तर इटलीतील पीडमाँटमध्ये, आणि त्यांच्याबरोबरच आयर्लंडमध्ये.

1701 मध्ये ग्रंथपालपद मिळाले, तेव्हा त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ या संग्रहाला दिले. या फळ्यांवरून कॅमेरा सावकाश फिरतो आहे तो मुद्दाम, कारण ही कपाटे पाहिल्याखेरीज हा माणूस कळत नाही. येथे वैद्यकाचे ग्रंथ आहेत, ग्रीक व लॅटिन अभिजात ग्रंथ आहेत, प्रोटेस्टंटांचे वादग्रंथ आहेत आणि त्यांना उत्तर देणाऱ्या कॅथलिक पंडितांचेही आहेत. ज्यांच्या पंथाने आपल्याला देशोधडीला लावले, त्यांचे म्हणणेही बूएरो यांनी समुद्रापलीकडून सोबत आणले आणि जपले.

ही त्यांची फ्रेंच रोजनिशी, 1689 पासून 1719 पर्यंतची. 1709 मध्ये ते आयर्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये दीक्षित धर्मगुरू झाले आणि 1719 मध्ये वारले. ला रोशेलच्या प्रोटेस्टंट मंडळीची जी दप्तरे त्यांनी सोबत आणली होती, ती एकोणिसाव्या शतकात त्या गावी परत गेली. ग्रंथ येथेच राहिले, आणि आजही ते मार्श आणि बूएरो यांनी नेमून दिलेल्या फळ्यांवरच आहेत.