घरबांधणीतले रिकामे दिवस

मित्रहो, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतले घरबांधणीचे आणि जुन्या घरांच्या दुरुस्तीचे ठेकेदार आज येथे आहेत, म्हणून थेट विषयाला हात घालतो. घर वेळेत उभे राहिले नाही की आपण मजुरांना बोल लावतो. परंतु गवंडी हळू काम करतो म्हणून आपले पैसे फारसे जात नाहीत. ते जातात एक कारागीर उठून दुसरा येईपर्यंतच्या रिकाम्या दिवसांत, आणि त्या दिवसांची नोंद आपल्यापैकी बहुतेकांच्या वहीत नसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील टोयोटा कारखान्यात ताईची ओनो यांनी जी कार्यपद्धती घडवली, तिला १९८८ च्या सुमारास ‘लीन’ हे नाव मिळाले. गरजेआधी केलेले, उगाच साठवलेले, इकडून तिकडे वाहून नेलेले, चुकल्यामुळे पुन्हा करावे लागलेले, असे जे जे ग्राहकाच्या उपयोगाचे नाही ते वाया गेले, हा त्यामागचा हिशेब. १९९२ मध्ये लॉरी कोस्केला यांनी हा विचार बांधकामाला लावून पाहिला, आणि पुढे ग्लेन बॅलार्ड व ग्रेग हॉवेल यांनी आठवड्याच्या नियोजनाची पद्धत तयार केली. त्यांनी मोजणी केली तेव्हा ठरवलेल्या कामांपैकी जेमतेम निम्म्याहून थोडी अधिकच त्या आठवड्यात पुरी होत असल्याचे दिसले.

ही पद्धत आपल्याकडे राबवायला संगणक लागत नाही. आठवडे बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मजुरीचा हिशेब होतो, तेव्हाच सेंटरिंगवाला, वायरमन, प्लंबर आणि फरशीवाला यांना एकत्र बसवावे आणि प्रत्येकाला विचारावे की पुढच्या आठवड्यात तुम्ही नक्की काय पुरे कराल. ‘हे जमणार नाही’ असे सांगण्याचा त्याला पूर्ण अधिकार असावा. तो नसेल तर मिळालेला होकार निरुपयोगी आहे. होकार घेण्यापूर्वी साहित्य आले का, आधीच्या माणसाचे काम संपले का, घरमालकाने निवड केली का, हे तपासावे. न्हाणीघराचेच पाहा. नळाचा मिक्सर भिंतीत बसणारा असेल, तर तो फरशी लावण्यापूर्वी हाती हवा. मालकाने तो नंतर निवडला की लावलेली फरशी फोडावी लागते, आणि त्या दिवसाची मजुरी कोणी द्यायची यावरून वाद होतो. पुढच्या आठवड्यात दहांपैकी किती शब्द पाळले गेले ते मोजावे आणि न पाळल्याचे कारण लिहावे. दंड मात्र करू नये, कारण दंडाच्या भीतीने खरे कारण कधीच कळत नाही.

प्रत्येक थांबणे वाया जाते असे मात्र समजू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि अशा कोरड्या उष्ण हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओले ठेवावे असे भारतीय मानक सांगते. ते दिवस वाचवणे म्हणजे स्लॅबशी बेइमानी आहे. साठ्याबाबतही तसेच. सिमेंटच्या गोण्या तीन महिने पडून राहिल्या की त्यांची ताकद बरीच घटते, म्हणून त्या लागतील तशाच आणाव्यात. पण पावसाळ्यात नदीतून वाळूचा उपसा बंद असतो, म्हणून वाळूचा साठा आधीच करणे शहाणपणाचे. होळीला सातपुड्याच्या पाड्यांतले मजूर घरी जातात आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही, साइट ओस पडते; तेव्हा पाणी मारायला माणूस राहणार नसेल, तर सणाच्या तोंडावर स्लॅब टाकूच नये.

सर्वांत अधिक सावधगिरी धाब्याच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे छत असलेल्या, घरांत लागते. मातीच्या थराखालच्या सऱ्या आणि कड्या वाळवीने किती पोखरल्या आहेत हे वरून दिसत नाही, आणि आपण मात्र वरूनच पाहून अंदाजपत्रक देतो. मग अर्धे छत उघडल्यावर लाकूड बदलायचे ठरते, सुतार मिळेपर्यंत काम थांबते आणि ते कुटुंब ओसरीत संसार मांडून बसते. म्हणून आधी एक कोपरा उघडून पाहावा, भिंतीचा गिलावा दोन-तीन ठिकाणी खरवडावा, आणि मगच आकडा सांगावा. या पाहणीसाठी सुतार व मिस्त्री यांना एका दिवसाची मजुरी वेगळी द्यावी आणि ती अंदाजपत्रकात उघडपणे दाखवावी.