1.85 मिलिमीटर: जुनं पॉवर हब, नवे गिअर

[चिपळूण. सायकलचं दुकान. मागचं चाक स्टँडवर, हबचा क्लोजअप.]

हब म्हणजे चाकाचा मधला गाभा. हे पॉवर हब, चालवणाऱ्याची ताकद वॅटमध्ये मोजणारं. साध्या हबपेक्षा ते पोटात जाड आहे, कारण आत एक नळी आहे. चेन कॅसेटला, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांच्या गठ्ठ्याला, ओढते, कॅसेट नळीच्या एका टोकाला फिरवते आणि नळीचं दुसरं टोक चाकाला. या ओढाताणीत नळीला पीळ पडतो. डोळ्याला तो दिसणार नाही, पण नळीवर चिकटवलेले स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजणाऱ्या पट्ट्या, तो टिपतात. पिळावरून टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, कळतो, आणि टॉर्कला चाकाच्या फिरण्याच्या वेगाने गुणलं की वॅट.

हब पॉवरटॅप कंपनीचं आहे, जी-थ्री मॉडेल. दहा स्पीडच्या, म्हणजे मागे दहा चक्रांच्या, काळात घेतलेलं. सायकल शाळेत खेळ शिकवणाऱ्या सरांची, आणि तिच्यावर आता अकरा स्पीडचा नवा सेट चढतोय. शिफ्टर (गिअरची कळ), डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा), क्रँक (पेडलचा दांडा), चेन सगळं नवं. जुनं राहिलंय ते फक्त हे चाक.

[सर: "मेस्त्री, हे हब आता निकामी म्हणायचं का?" मेस्त्री: "थांबा सर, आधी मोजू तरी द्या."]

[कुंभार्ली घाट. वळणावर सायकल, हँडलवरचा मीटर.]

मोजण्याआधी घाटाकडे बघू, कारण निम्मं उत्तर इथे आहे. हबला टॉर्क मिळतोय 20 न्यूटन-मीटर आणि चाक मिनिटाला 80 फेरे फिरतंय. हिशेब 168 वॅट. वेग ताशी दहा किलोमीटरच्या जवळपास. पुढे 34 दातांचं चेनव्हील, मागे कॅसेटमधलं 28 दातांचं चक्र, म्हणजे स्प्रॉकेट, म्हणून पाय मिनिटाला 66 वेळा फिरतायत. आता गिअर हलका केला, मागे 34. वेग तोच, चढ तोच. पाय 80 वर गेले. हबवर मात्र तेच 20, तेच 80, तेच 168.

थोडक्यात, पुढे क्रँक कुठल्या कंपनीचा, चेनव्हीलला दात किती, क्रँक 170 चा की 172.5 चा, याची हबला फिकीर नाही. क्रँकमधल्या मीटरसारखं चेनव्हील बदललं म्हणून काही जुळवून घ्यावं लागत नाही. टायर बदलला तरी वॅट बदलत नाहीत; टायरच्या घेराचा आकडा फक्त वेग आणि अंतरासाठी लागतो, 700 बाय 25 ला 2105 मिलिमीटर, 28 ला 2136. पेडलच्या मीटरपेक्षा हब दोन-तीन टक्के कमी दाखवतं, तेही रास्तच आहे. तेवढी ताकद वाटेत चेन खाते. चेनमध्ये जांभ्याची लाल धूळ असेल तर आणखी खाते.

केडन्सचा, म्हणजे पाय मिनिटाला किती वेळा फिरतात त्याचा, आकडा मात्र हब अंदाजाने देतं, टॉर्कच्या चढउतारावरून. उतारावर पाय हलके पडले की तो भरकटतो. केडन्स नेमका हवा असेल तर क्रँकला वेगळा सेन्सर लावावा.

[दुकान. कॅसेट उतरलेली. फ्रीहब बॉडीवर व्हर्नियर.]

अडतं ते इथे. कॅसेट ज्या खाचांच्या नळकांड्यावर बसते ती ही फ्रीहब बॉडी. व्हर्नियर सांगतो, साधारण 35 मिलिमीटर. शिमानोच्या आठ, नऊ आणि दहा स्पीडला हीच लांबी. रोडच्या अकरा स्पीडची बॉडी याहून 1.85 मिलिमीटर लांब असते. खाचा सारख्याच, एक अरुंद खाच धरून. त्यामुळे अकराची कॅसेट या बॉडीवर सरकते छान, आणि सगळं जमलंय असा भास होतो. मग लॉकरिंग, म्हणजे कॅसेट आवळणारी आटेदार रिंग, हातात घ्यायचं.

[लॉकरिंग फिरतं, पकडत नाही. मेस्त्री: "बघा, आट्यात जातच नाहीये."]

जोर लावून एखादा आटा पकडतोही. तसं करू नये. घाटात उभं राहून पेडल मारलं की कॅसेट बॉडीवर डुलते, आटे सोलले जातात आणि बॉडी बदलायची वेळ येते.

उलट बाजूची गोष्ट सोपी आहे. अकराच्या लांब बॉडीवर आठ किंवा नऊची कॅसेट बसवायची तर मागे 1.85 चा स्पेसर. रोडची दहाची कॅसेट बहुधा आणखी एक मिलिमीटर अरुंद असते, तिला 1.85 आणि वर 1 असे दोन. हे स्पेसर दिसायला वॉशरसारखे. कॅसेट काढताना घरंगळतात आणि झाडलोटीत जातात. दुकानातून चाक घरी नेताना डबीत आहेत का ते बघावं.

आपल्या आखूड बॉडीवर अकरा स्पीड आणायला वाटा चार.

पहिली, बॉडीच बदलायची. या हबची बॉडी सुटी निघते आणि अकराची बॉडी तिच्या जागी बसते. काम सगळ्यांत स्वच्छ, पण सुटा भाग हातात असेल तर. बॉडी बदलली की चाकाची डिश तपासायचीच: चाक फ्रेममध्ये उलटं घालून बघायचं, रिम दोन्ही वेळा मधोमध आली पाहिजे.

दुसरी, कॅसेटची मागची बाजू लेथवर 1.85 ने घासायची. करणारे करतात. आमच्या मते ही शेवटची वाट, कारण घासलेली कॅसेट त्याच चाकाची होऊन बसते.

[टेबलावर सुटी स्प्रॉकेट, एकेक करून रचली जातात.]

तिसरी वाट हिशेबाची आहे, आणि जुनं हब असलेल्या प्रत्येकाने ती माहीत करून घ्यावी. अकरा स्पीडमध्ये एका स्प्रॉकेटच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 3.74 मिलिमीटर. कॅसेट जास्तीची आहे 1.85. मधलं एक सुटं स्प्रॉकेट आणि त्याचा स्पेसर काढला की 3.74 वाचले, आणि आता उलट 1.89 ची पोकळी झाली. ती भरायला मागे पुन्हा तोच 1.85 चा स्पेसर. उरली दहा स्प्रॉकेट, अंतर मात्र अकराचं. म्हणून शिफ्टर, डिरेलर, चेन, सगळं अकराचंच चालतं. एक क्लिक रिकामी राहते, ती डिरेलरचा लिमिट स्क्रू आवळून बंद करायची. सर्वांत छोटं स्प्रॉकेट काढायचं नाही, लॉकरिंगचे दाते त्याच्यावर बसतात. मोठी स्प्रॉकेट रिव्हेट मारून जोडलेली असतात, ती निघत नाहीत. जिथून एक काढलं तिथे गिअर थोडा खडखडून पडतो.

दहाच्या कॅसेटला अकराचा शिफ्टर हा जुगाड मात्र करू नका. दहाचं अंतर 3.95, अकराचं 3.74. दोन-तीन गिअर बरे पडतात, मग चेन दोन स्प्रॉकेटच्या मध्ये घुटमळते. डिरेलरही अदलाबदल होत नाही: शिमानोचा जुना रोड डिरेलर केबल एक मिलिमीटर ओढली की 1.7 सरकतो, अकराचा 1.4. शिमानोची दहा स्पीडची टिआग्रा 4700 मालिका याला अपवाद, ती अकराच्या मापावर चालते. नाव टिआग्रा आणि स्पीड दहा एवढंच बघून डिरेलर घेणारे तिथे फसतात.

[नवी कॅसेट डब्यातून निघते. 11-34.]

चौथी वाट या टेबलावर आहे, आणि कोकणात तीच घ्यावी. शिमानोची अकरा स्पीडची 11-34 कॅसेट, एचजी-800 किंवा एचजी-700. हिचं सर्वांत मोठं स्प्रॉकेट आतल्या अंगाला, स्पोककडे झुकलेलं आहे. त्यामुळे ती जुन्या आखूड बॉडीवर एकही स्पेसर न घालता बसते. हीच अकराच्या बॉडीवर घातली तर 1.85 चा स्पेसर लागतो. घाटाला हवे असणारे 34 दात आणि जुन्या हबला हवी असणारी रुंदी, दोन्ही एकाच डब्यात.

अटी दोन. मागचा डिरेलर लांब पिंजऱ्याचा हवा, 34 दात झेपणारा. शिमानोच्या आर-7000 किंवा आर-8000 डिरेलरचा जीएस, म्हणजे लांब पिंजऱ्याचा प्रकार, चालतो. 5800 चा जीएस 32 पर्यंतच. पुढे 50-34 आणि मागे 11-34 म्हणजे 16 अधिक 23, एकूण 39 दात चेन गोळा करायची, आणि आर-7000, आर-8000 या दोन्हींच्या जीएसची मर्यादा नेमकी 39 आहे. दुसरी अट जागेची. मोठं स्प्रॉकेट स्पोककडे सरकलंय, म्हणजे डिरेलरचा पिंजराही सरकला. या हबचं पोट जाड, आणि स्पोक कसे बांधलेत त्यावर जागा कमी-जास्त होते.

[ग्रीसचं बोट, बॉडीवर पातळ थर. कॅसेट सरकते.]

बॉडी अॅल्युमिनियमची, स्प्रॉकेट पोलादी. सुटं स्प्रॉकेट मऊ खाचेत रुतून चरा पाडतं. स्पायडरवर, म्हणजे एकाच सामाईक आधारावर, जोडलेली स्प्रॉकेट असलेली कॅसेट घेतली तर कमी. चरे कानशीने हलके साफ करायचे, मग ग्रीस. हे ग्रीस गुळगुळीतपणासाठी नाही. खाऱ्या दमटात अॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना लागून राहिले की पांढरी भुकटी धरतात आणि कॅसेट चेन व्हिपला, म्हणजे कॅसेट धरून ठेवायच्या हत्याराला, दाद देत नाही.

लॉकरिंग 40 न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच लावला की शेवटच्या आट्यांत दाते कटकट वाजतात, तो आवाज बरोबर. मग कॅसेट हाताने हलवून बघायची. जराही डुलता कामा नये.

चेनची लांबी: मोठ्या चेनव्हीलवरून मोठ्या स्प्रॉकेटवर, डिरेलरमधून न नेता गुंडाळायची, आणि वर एक बाहेरची, एक आतली कडी ठेवायची. मग लिमिट स्क्रू, डिरेलर किती सरकेल ते ठरवणारे. आधी "एल", स्पोककडच्या बाजूचा, चाक हाताने फिरवत. पिंजरा आणि स्पोक यांच्यामध्ये उजेड दिसला पाहिजे, पेडलवर उभं राहून जोर दिला तरीही. हँगर, म्हणजे डिरेलर टांगायचा फ्रेमचा कान, वाकडा असेल तर आधी तो सरळ करायचा, नाहीतर पुढचं सगळं वाया.

[पेडलला टांगलेली गोण. क्रँकवर पाणसळ.]

आता हब खरं बोलतंय का ते बघायचं. किराणा दुकानाच्या काट्यावर 20 किलो तोललेली तांदळाची गोण. पुढे 34, मागे 34, म्हणजे क्रँकचा टॉर्क जसाच्या तसा हबवर. क्रँक 170 मिलिमीटर. वीस गुणिले 9.81 गुणिले 0.170, बरोबर 33.35 न्यूटन-मीटर. आधी वजन नसताना शून्य करायचं. मग क्रँक पुढे आडवा, पाणसळीत, मागचा ब्रेक गच्च, आणि गोण अलगद सोडायची. टॉर्कचा आकडा दाखवणारं यंत्र लागतं. नुसते वॅट दाखवणारा मीटर इथे कामाचा नाही.

हबचा दावा दीड टक्क्याच्या अचूकतेचा. म्हणजे 32.85 ते 33.85 च्या आत आलं पाहिजे. हुक आणि दोरीचं वजन गोणीत धरलेलं असावं. आकडा दर वेळी सारखाच कमी आला तर आधी चेन बघा आणि क्रँक खरंच आडवा आहे का ते. दर वेळी वेगवेगळा आला तर बेअरिंग किंवा आत शिरलेलं पाणी.

[सर: "मेस्त्री, तेहेतीस पॉइंट एक." मेस्त्री हसतात.]

[धोपावे-दाभोळ फेरीबोट. डेकवर सायकली. पाण्याचे तुषार.]

दमट हवा एकवेळ परवडली, पण तुषारातलं मीठ वाळून झाकणाच्या सांध्यात बसतं ते वाईट. इलेक्ट्रॉनिक्स सगळं डाव्या बाजूच्या झाकणात, आत सीआर-2032 ची एक बॅटरी. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने, बादली आणि फडक्याने धुवायचं. प्रेशरचा पाइप हबवर कधीच धरायचा नाही. झाकण उघडलं की रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या भागात हे काम एकदा मिरगाच्या आधी आणि एकदा नवरात्रात.

मीटर जोडताना एक बघायचं: जी-थ्री मुळात एएनटी-प्लस या बिनतारी पद्धतीवर बोलतं. बहुतेक मोबाइलला ते ऐकू येत नाही. एकतर तसा सायकल कॉम्प्युटर, नाहीतर ब्लूटूथचं झाकण.

[दुकानाबाहेर दोन सायकली टेकवलेल्या.]

हेच चाक या हायब्रिडला? कॅसेट आठ स्पीडची, ती या बॉडीवर थेट बसते. पण मागच्या फ्रेमची रुंदी 135 आणि हब 130. क्विक रिलीज आवळून अॅल्युमिनियमची फ्रेम मिटवू नये. दोन्हीकडे अडीच-अडीचचे वॉशर घातले तर चाक मधोमध राहतं, मात्र अॅक्सलचं टोक ड्रॉपआउटमध्ये, म्हणजे फ्रेमच्या खोबणीत, पुरेसं उरलं तरच; आणि कॅसेट हँगरपासून अडीच मिलिमीटर आत गेली म्हणून दोन्ही लिमिट स्क्रू नव्याने. ब्रेक रिमचे हवेत. डिस्क असेल तर विषय संपला, या हबला रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, लावायला जागा नाही.

2019 साली स्रॅम कंपनीने सॅरिस कंपनीकडून पॉवरटॅप घेतली. आता या हबचे सुटे भाग शोधावे लागतात, म्हणून जुनी बॉडी चांगली निघाली तर भंगारात घालू नका.

[तिसरी सायकल. कार्बन, डिस्क.]

आणि ही. बारा स्पीड, थ्रू अॅक्सल (आरपार जाणारा जाड दांडा), 142 बाय 12 मिलिमीटर. स्रॅमची बारा स्पीड असेल तर कॅसेटला एक्सडीआर नावाची बॉडी, म्हणजे खाचाच वेगळ्या. शिमानोच्या रोड बारा स्पीडची कॅसेट अकराच्या बॉडीवर बसते, पण इथे अॅक्सल आणि ब्रेक आधीच नाही म्हणतायत. वॅट हवेच असतील तर पेडलमधला मीटर घ्यावा. पेडलचे आटे रोडच्या क्रँकना 9/16 इंच, इंचाला 20. डावा पेडल उलट्या आट्याचा, तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतो.