पेटी फोडायचा दिवस

(एका व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, अधलेमधले "हॅलो हॅलो" तेवढे काढलेत.)

माईक येतोय ना मागेपर्यंत? हां. तर मला विषय दिलाय "शेजाऱ्यांचा बचत गट कसा सुरू करावा". सांगते, नक्की सांगते, पण त्याआधी एक सांगायचंय, म्हणजे खरं तर तेच सांगायला मी आलेय, सुरू कसा करावा हे तुम्हाला कुणीही सांगेल. मला सांगायचंय की गट मोडायचा कधी हे सुरू करायच्या आधी ठरवा. तारखेसकट. लोकांना हे अभद्र वाटतं, शुभकार्याच्या आधीच कसलं मोडायचं बोलता म्हणतात. म्हणू देत.

इथे बसलेल्यांपैकी भिशी कोणकोण लावतं? हात वर करा... अर्धे तर आहातच. आणि उरलेले ज्यांच्या घरी माहीत नाहीये ते. (हशा) भिशी तुम्हाला माहीतच आहे त्यामुळे समजावत नाही, फक्त एक गंमत बघा. बारा जण, महिन्याला सारखाच हप्ता, दर महिन्याला एकाला सगळी रक्कम. आता हेच बारा जण आपापल्या घरी डब्यात पैसे टाकत बसले असते तर तेवढी रक्कम प्रत्येकाला कधी मिळाली असती? बाराव्या महिन्यात. भिशीत पहिल्याला पहिल्या महिन्यात मिळते, दुसऱ्याला दुसऱ्या, सरासरी काढली तर साडेसहा महिने. आणि ज्याचा नंबर शेवटचा त्याचंही नुकसान काही नाही, त्याला बाराव्याच महिन्यात मिळते, एकटा असता तरी तेव्हाच मिळणार होती. पैसे तेवढेच, माणसं तीच, फक्त एकत्र बसली म्हणून थांबणं जवळजवळ निम्म्यावर आलं. कुणी अनुदान दिलं नाही, कुणी उद्घाटनाला आलं नाही. हा साडेसहाचा आकडा लक्षात ठेवा, परत येणारे तो.

आणि हे जगभर आहे बरं का. पश्चिम आफ्रिकेत सुसू म्हणतात, फ्रेंच बोलणाऱ्या भागांत तोंतीन, केनियात चामा, मेक्सिकोत टांडा, दक्षिण आफ्रिकेत स्टोकवेल. स्टोकवेल हा शब्द तर म्हणे इंग्रज वसाहतवाल्यांच्या गुरांच्या बाजारावरून आलाय, "स्टॉक फेअर"चं बोलता बोलता स्टोकवेल झालं. क्लिफर्ड गीर्ट्झ म्हणून एक मोठे मानववंशशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1962 मध्ये यावर लिहिलं आणि म्हटलं की ही मधली पायरी आहे, शेतकरी समाज व्यापारी व्यवहारात शिरताना लागणारी, पुढे बँका वगैरे नीट आल्या की ही पायरी गळून पडेल. साठ वर्षं होऊन गेली, पायरी आहे तिथेच आहे, आणि बँकेत नोकरी करणारे लोकही भिशी लावतात. विद्वानांचंही चुकतं, मग आपलं चुकलं तर काय. आपल्या चुकण्यावरच येतेय आता.

मी कॉलेजात होते तेव्हा आमच्या इथे गट सुरू झाला. चौदा घरं. भिशी नाही, साठवायचं आणि त्यातूनच एकमेकांना कर्ज द्यायचं, असा गट. महिन्याला पन्नासचा हप्ता. पेटी काकूंकडे, कारण काकूंवर सगळ्यांचा विश्वास, आणि वही माझ्याकडे, कारण "तू शिकलेली आहेस ना". हे वाक्य ऐकलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो. शिकलेली म्हणजे काय, मी इतिहास शिकत होते! (हशा) पण तेव्हा फार भारी वाटलं. वहीला कव्हर घातलं, लाल पेनाने रेघा मारल्या, नाव-हप्ता-कर्ज-व्याज-बाकी असे रकाने पाडले, आणि दर महिन्याला जिन्यात बसून सगळ्यांकडून पैसे घ्यायचे, लिहायचं, टोटल मारायची, पैसे काकूंकडे. काकू कधी मोजायच्या नाहीत. "तू लिहिलंस ना, मग झालं." बाकीचे तर वहीत बघायचेच नाहीत. तीन वर्षं. तीन वर्षं त्या वहीत माझ्याशिवाय कुणी डोकावलं नाही, आणि त्याला आम्ही विश्वास म्हणत होतो.

मग एक कुटुंब जागा सोडून निघालं. त्यांनी म्हटलं आमचा हिस्सा द्या, त्यात काही वावगं नव्हतं. आणि आमच्या लक्षात आलं की हिस्सा म्हणजे किती हे आम्ही कधी ठरवलंच नाहीये. त्यांनी भरलेले हप्ते? ते अधिक व्याज? व्याज सगळ्यांना सारखं वाटायचं की ज्याचे पैसे जास्त दिवस आत आहेत त्याला जास्त? दोन घरं दीड वर्ष उशिरा आलेली, त्यांचं काय? आणि ज्यांनी कधी कर्ज घेतलंच नाही ते म्हणायला लागले आमच्याच पैशावर तर व्याज मिळालं, तर कर्ज घेणारे म्हणतात व्याज भरलं कुणी, आम्ही भरलं, म्हणजे आमच्यामुळे मिळालं! दोघांचंही बरोबर. हे संध्याकाळी सुरू झालं ते रात्री अकरापर्यंत. शेवटी कुणीतरी म्हणालं, आधी पेटीत आहेत किती ते तरी बघू.

तीन वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर पेटी उघडली. मोजले. परत मोजले. वहीपेक्षा शंभर कमी.

आता शंभर म्हणजे काय, दोन हप्ते. पण त्या जिन्यात जी शांतता झाली ना ती... मी आजवर बऱ्याच मोठमोठ्या सभा बघितल्यात, अशी शांतता नाही बघितली. कुणी काही बोललं नाही. फक्त सगळे पेटीकडे बघत होते आणि मग हळूच काकूंकडे. काकू उठल्या, आत गेल्या, शंभर आणले, पेटीत टाकले. "असतील माझ्याकडून राहिले" एवढंच म्हणाल्या. त्या कुटुंबाला ठरेल तो हिस्सा दिला, पुढच्या दोन महिन्यांत एकेकाने अंग काढून घेतलं, गट संपला.

चारपाच महिन्यांनी वही सापडली. परत टोटल मारत बसले, उगाच. एका पानाच्या खाली दशकाच्या रकान्याची बेरीज तेवीस आलेली, म्हणजे हातचे दोन. मी घेतले होते तीन. बस. पैसे कधी कमी नव्हतेच, वहीच शंभराने फुगलेली होती.

एक धडा फुकटात देते, हिशोब लिहिणाऱ्यांनी लिहून घ्या. फरक अगदी गोल आला, एक, दहा, शंभर, हजार, तर आधी चोर शोधू नका, हातचा शोधा. आणि फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर बहुतेक आकड्यांची अदलाबदल झालेली असते, 54 चे 45 झाले, फरक 9. 72 चे 27, फरक 45, नऊ पाचे. ही युक्ती कुठल्याही जुन्या मुनीमाला माहीत असते, मला नव्हती, आणि त्यापायी एका बाईकडे चौदा घरांनी संशयाने बघितलं. आणि आजही मी ही गोष्ट सांगितली की लोक पहिला प्रश्न विचारतात, "मग पैसे खाल्ले कुणी?" अहो नाही खाल्ले कुणी! गट बुडाला की कुणीतरी खाल्लेच असणार हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की बेरीज चुकू शकते हे सुचतच नाही.

मी काकूंना जाऊन सांगितलं का? सांगितलं. ते शेवटी सांगते, वेळ राहिला तर... किती राहिलाय? दहा मिनिटं? अरे देवा. अजून विषय सुरूच नाही केला. (हशा) पटपट घेते.

तर मोडायची तारीख का. 1991 साली नायजरमध्ये, मराडी भागात, केअर या संस्थेने बायकांचे गट सुरू केले, माता मासू दुबारा असं त्याचं हौसा भाषेतलं नाव. बहुतेकींना लिहितावाचता येत नव्हतं, त्यामुळे वहीची भानगडच नाही, सगळ्यांचा हप्ता सारखा आणि हिशोब तोंडी. त्यातून पुढे जी पद्धत तयार झाली आणि आफ्रिकाभर पसरली तिच्यात माझी सगळी भांडणं आधीच सोडवून ठेवलेली आहेत. पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन जणींकडे, आणि पेटी चौथीकडे. पेटी उघडायची ती मीटिंगमध्येच, सगळ्यांसमोर. मीटिंग संपताना शिल्लक मोठ्याने सांगायची आणि सगळ्यांनी पाठ करायची, पुढच्या वेळी पेटी उघडायच्या आधी विचारायचं, सांगा किती होते? पंधरावीस डोक्यांत एकच आकडा असेल तर हातचा चुकायला जागा कुठे आहे!

आणि मुख्य म्हणजे नऊ ते बारा महिन्यांनी सगळं वाटून टाकायचं. पूर्ण. पेटी रिकामी दिसली पाहिजे. मग ज्यांना राहायचंय त्यांनी नव्याने सुरू करायचं, ज्यांना नाही त्यांना रामराम, कुणाचा राग नाही. चुका असतील तर एका वर्षाच्याच असतात, आमच्यासारख्या तीन वर्षं मुरत नाहीत.

आकडे सांगते म्हणजे पटेल. पंधरा जण, महिन्याच्या सुरुवातीला प्रत्येकी शंभर, आणि जमलेले सगळे कायम कर्जाने फिरताहेत शेकडा महिना दोन दराने, असं धरा. साध्या व्याजाने वर्षअखेर व्याज जमतं 2,340, वाटले की माणशी 156. म्हणजे 1,200 भरले, 1,356 मिळाले. मग कुणीतरी उठतंच, अहो दोन टक्के महिना म्हणजे वर्षाचे चोवीस, आम्हाला तेराच कसे? कारण तुमचा पहिला शंभर बारा महिने आत होता आणि शेवटचा एकच महिना. सरासरी किती? साडेसहा महिने! साडेसहा दुणे तेरा. बघा, आला की नाही परत. (टाळ्या) टाळ्या नकोत, वेळ जातो. आणि प्रत्यक्षात यापेक्षा कमीच मिळतं कारण पेटीत काही ना काही पडून राहतं, तेव्हा 156 चं आमिष दाखवून कुणाला गटात ओढू नका.

आता सुरू कसा करायचा. दहा ते वीसपंचवीस माणसं, त्याहून जास्त झाली की मीटिंग संपत नाही. भारतात नाबार्डने 1992 मध्ये 500 गट बँकांना जोडून बघायचा जो प्रयोग सुरू केला त्या धाटणीच्या गटांतही वीसचीच मर्यादा धरतात. एकमेकांना ओळखणारी हवीत, पण एकाच घरातल्या दोघांकडे किल्ल्या नकोत. हप्ता किती, हे सगळ्यात कमी कमावणाऱ्याला विचारून ठरवा, आणि तेही त्याच्या वाईट महिन्यात काय जमेल ते विचारून. चांगल्या महिन्यातला आकडा सगळेच फुगवून सांगतात, लाजेपोटी. रोजंदारीवाले असतील तर शेअर पद्धत ठेवा, शेअर म्हणजे आधी ठरवलेल्या रकमेचा एक भाग, ज्याला जमतील तेवढे घ्यायचे, एका मीटिंगला कमीत कमी एक शेअर, जास्तीत जास्त पाच, पासबुकात तेवढे शिक्के, न वाचणाऱ्यालाही मोजता येतात. आणि वर्षअखेर वाटप शेअरच्या हिशोबाने, म्हणजे "आमच्या पैशावर" हे भांडणच उरत नाही.

कर्ज पहिले दोनतीन महिने नाही, आधी जमू दे. मग स्वतःच्या बचतीच्या तिप्पटीपर्यंत, मुदत तीन महिन्यांच्या आसपास. कर्ज कशाला हवंय ते सगळ्यांसमोर सांगायचं, पण आजारपणाचं कुणाला चारचौघांत सांगायचं नसतं, म्हणून त्यासाठी वेगळा छोटा निधी ठेवा, वेगळ्या पिशवीत, पेटीच्या हिशोबात मिसळायचा नाही. वाटपाच्या आधीचा शेवटचा महिनाभर नवीन कर्ज बंद, नाहीतर फोडायच्या दिवशी पेटीत पैशांऐवजी कर्जाच्या चिठ्ठ्या निघतात. मध्येच कुणी सोडून गेलं तर काय मिळेल, कुणी वारलं तर कुणाला द्यायचं, हे पहिल्याच मीटिंगला ठरवा, पहिला हप्ता घ्यायच्या आधी. तेव्हा सगळे गोड बोलत असतात, ठरून जातं. व्हॉट्सॲपवर ठरवू नका, तिथे सगळे अंगठा दाखवतात आणि नंतर म्हणतात मी वाचलंच नव्हतं. वही दर सहा महिन्यांनी वेगळ्या हातात द्या, आणि शिकलेलीच्या हातात देताना जरा जपून...

हो हो, चिठ्ठी मिळाली, आवरतेच. काकूंचं राहिलं. मी वही घेऊन गेले, ते पान दाखवलं, शंभर पुढे केले. त्यांनी पान बघितलं नाही, पैसेही घेतले नाहीत. म्हणाल्या, "शंभराचं काही नाही गं, पण त्या दिवशी पेटी उघडल्यावर एक जण तरी म्हणायला हवं होतं, परत बेरीज करू." मी होते ना तिथे, मीही नाही म्हणाले.

पुढे बऱ्याच वर्षांनी नवीन गट करायचा ठरला तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडेच गेले. म्हटलं याल का. म्हणाल्या येते, पण पेटी माझ्याकडे ठेवू नका. किल्ली द्या.