हरणाकरवी हरीण

(दृश्य : रेहेकुरी अभयारण्य, अहिल्यानगर जिल्हा. पावसाळ्यातला माळ. एकटा काळवीट, म्हणजे काळा नर.)

हा नर माजावर आलाय. नाक वर, कान मागे, पिळाची शिंगं पाठीला टेकलेली. डोळ्यापुढच्या ग्रंथीतला चिकट स्राव तो गवताच्या काडीला पुसतो, ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो. एवढा तुकडा माझा, हे त्यानं जाहीर करून टाकलंय. माद्या आल्या तर हव्याच आहेत. दुसरा नर आला, तर मात्र शिंगाला शिंग भिडणार.

आज १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला हात लावायची सोय नाही. पण याच स्वभावाच्या जोरावर एकेकाळी त्याला पकडायचे, आणि तेही त्याच्याच जातभाईला पुढे घालून.

(दृश्य : मुघल लघुचित्रातलं शिकारीचं रान)

अकबराच्या पदरचा अबुल फझल 'आईन-ए-अकबरी'त ही रीत सांगतो. माणसाळवलेल्या हरणाच्या शिंगांवर जाळं चढवायचं आणि त्याला रानातल्या हरणांवर सोडायचं. रानातलं हरीण अंगावर येतं. झोंबाझोंबीत त्याचं शिंग, पाय, नाहीतर कान जाळ्यात गुंततो, की दबा धरून बसलेली माणसं धावलीच. जाळं तुटलं किंवा आपलं हरीण दमलं, तर ते मुकाट राखणदाराकडे परत येतं. मग त्याला नवं जाळं, नाहीतर ताज्या दमाचा दुसरा गडी.

रानातलं हरीण का भिडतं? अबुल फझल म्हणतो, भीतीनं. हे काही पटत नाही. भ्यालेलं काळवीट पळतं, आणि पळण्यात त्याला गाठणारं जनावर आपल्याकडे चित्त्याखेरीज नाही. ते भिडतं जागेसाठी, आणि जागा हवी असते माद्यांसाठी. म्हणून इथं मादीचं आमिष लागतच नाही. समोर दुसरा नर उभा केला की काम झालं.

पकडलेल्या हरणाला मग शिकवून माणसाळवत. म्हणजे आज फसलेला उद्या फसवायला तयार!

(दृश्य : हिरन मिनार, शेखुपुरा, पाकिस्तान)

जहांगीरचा मनसराज असाच. लाहोरजवळच्या या रानात तो बादशहाच्या फासात सापडला आणि महिनाभरात रानटीपणा सोडून शाही हरणांचा म्होरक्या झाला. पाळीव हरणांशी झुंजण्यात आणि रानातली हरणं धरण्यात त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता, असं जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो. कबरीवरचा दगडही हरणाच्याच आकाराचा. १६०६-०७ च्या सुमारास शेजारी हा मिनार उभा राहिला.

जन्मभर जातभाईंना पकडून दिलं, आणि मेल्यावर त्यांना अभय मिळवून दिलं ते यानंच. या परिसरात कुणी हरीण मारायचं नाही, त्याचं मांस हिंदूंनी गाईचं आणि मुसलमानांनी डुकराचं समजावं, असा हुकूम जहांगीरनं काढला.