कवळीत वाख

नमस्कार श्रोतेहो. आज कवळीबद्दल बोलायचंय. ज्यांचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत त्यांनीही ऐका, घरात आजी-आजोबा असतीलच.

पन्हाळ्याच्या बाजूचे एक आजोबा दवाखान्यात आले ते रुमालाची गाठ सोडतच. आत वरची कवळी, बरोबर मधोमध दोन तुकडे.

"पणतूच्या जावळाला निघालो हुतो. न्हाणीत धुताना निसटली, धोंड्यावर आपटली."

तुकड्यांच्या कडेला पिवळा थर दिसला. विचारलं, हे काय? म्हणाले, "चपलंला लावत्यात त्यो डिंक. चिकटली की चांगली! मटणाच्या पयल्या घासाला परत दोन झाली."

   

मी त्यांना सांगितलं, आजोबा, हा गुलाबी भाग अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे एका प्लास्टिकचा. 1937 च्या सुमारास तो आला, त्याआधी कडक रबराच्या कवळ्या असायच्या. अ‍ॅक्रिलिक दिसायला छान, पण ठिसूळ. रोज चावताना मधोमध वाकतो आणि एक दिवस तडकतो. हातातनं पडला तर लगेच तडकतो.

आजोबा माझ्याकडं बघत म्हणाले, "नुसत्या चिखलाची भित वाळली की भेगाळती. म्हणून आमी त्यात भुसकाट घालतो. तुमी हेच्यात वाख घाला की वाईच!"

वाख म्हणजे दोर वळायचा झाडाचा धागा. मी हसलो. रात्री वाचायला बसलो आणि हसू जिरलं. घायपात, म्हणजे आपलं केकताड, त्याच्या भावकीतल्या सिसलचे धागे, तेलताडाचे धागे, जवसाचे धागे, अगदी भाताच्या तुसाच्या राखेतली सिलिकासुद्धा अ‍ॅक्रिलिकमध्ये घालून पाहिलीय. भेग धावत येते, धाग्याशी अडते. भिंतीतलंच गणित.

अडचण एवढीच, की झाडाचा धागा पाणी पितो आणि अ‍ॅक्रिलिकशी त्याचं जमत नाही. म्हणून आधी कॉस्टिक सोड्यात धुऊन त्याचा मेणचटपणा काढतात, मग दोघांना जोडणारं सिलेन लावतात. आणि धागा थोडाच. पुन्हा सांगतो, थोडाच. जास्त झाला की गुठळ्या होतात, आत पोकळ्या राहतात, कवळी उलट कमजोर होते. शिवाय गुलाबी हिरडीत तपकिरी केस दिसले तर कोण घालणार? बहुतेक काम अजून प्रयोगशाळेत आहे, तेव्हा उद्या डॉक्टरांकडं वाखाची कवळी मागू नका.

तोवर एवढं करा. धुताना खाली पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवा. खाली पाणी, वर कवळी. निसटली तर पाण्यात पडेल. उकळतं पाणी वापरू नका, आकार बिघडतो. रात्री गार पाण्यात ठेवा. तुटली तर डिंक नको, तुकडे जपून आणा. डिंकानं जरा जरी तिरकी बसली तर हिरडीला जखम होते. लक्षात राहिलं ना? खाली पाणी, वर कवळी.

नवी कवळी न्यायला आजोबा आले तेव्हा पिशवीत वाखाची पेंडी होती. "घाला, पैसं नकोत." नायलॉनच्या दोरीनं गुरांच्या माना सोलतात, वाखाचं दावं मऊ असतं, हेही मला तेव्हाच ऐकवून गेले. पेंडी अजून खिळ्याला टांगलेली आहे. आमची मदतनीस मुलगी त्यातलाच एकेक धागा काढून कवळ्यांच्या डब्या बांधते.