हडसन-अथेन्स : नदीतलं दीपगृह आणि त्याची धुक्याची घंटा

(दृश्य : पहाट. नदीवर धुक्याचा थर. त्यातून वर आलेलं छप्पर आणि मनोरा.)

हे घर अमेरिकेतल्या हडसन नदीच्या पात्रात उभं आहे. पूर्वेच्या काठावर हडसन शहर, पश्चिमेला अथेन्स. न्यूयॉर्कच्या बंदरापासून नदीने वर आलं की सुमारे 190 किलोमीटरवर हे लागतं.

समुद्र इतका लांब, तरी इथे भरती-ओहोटी आहे. दिवसातून दोनदा पाणी साधारण चार फूट चढतं आणि उतरतं. आणखी वरच्या अंगाला ट्रॉय शहराजवळ धरण आहे, तिथपर्यंत ही नदी समुद्राच्याच तालावर हलते. कोकणात असती तर आपण तिला सरळ खाडी म्हटलं असतं. फरक एवढाच, की इथलं पाणी गोडं आहे. हा गोडेपणा ध्यानात असू द्या, पुढे कामाला येणार आहे.

(दृश्य : ओहोटी. चिखलाचा पट्टा, त्यावर बगळे.)

हा चिखलाचा उंचवटा म्हणजे मिडल ग्राउंड फ्लॅट्स. ओहोटीला दिसायचा, भरतीला पाण्याखाली जायचा. दिसणारा खडक परवडला, हा नाही. एकोणिसाव्या शतकात इथून रात्रीच्या आगबोटी जात, मालाचे पडाव जात. चुकलेली बोट चिखलात रुतायची आणि पुढच्या भरतीची वाट बघत बसायची. कधी नशीब त्याहून वाईट असायचं. 7 एप्रिल 1845 च्या रात्री ‘स्वॅलो’ ही आगबोट अथेन्सजवळ खडकाळ बेटावर आदळून फुटली. माणसं गेली.

दीपगृह उभं राहिलं 1874 मध्ये.

(दृश्य : बोट चौथऱ्याला वळसा घालते. उत्तरेची दगडी धार जवळून.)

आता इकडे बघा. विटांचं घर, कोपऱ्यांना फिकट दगड, बाजूंनी जवळजवळ उभं उतरलेलं मॅन्सार्ड धाटणीचं छप्पर. फोटो सगळे त्याचेच काढतात. खरी करामत मात्र खाली आहे. ग्रॅनाइटचा चौथरा दक्षिणेकडे गोलसर आहे आणि उत्तरेकडे जहाजाच्या नाळेसारखा निमुळता. पाणी कापायला नव्हे, बर्फ फोडायला.

हिवाळ्यात नदी गोठते. वसंतात बर्फ फुटला की लाद्या एकमेकींवर चढत वरून खाली येतात. सपाट भिंत समोर आली तर त्या तिला टेकून साचतात, मागचा रेटा वाढत जातो आणि भिंत नाही तर पाया, काहीतरी जातंच. धार समोर असली की लादी चिरते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. हे शहाणपण फुकट आलेलं नाही. खालच्या अंगाला एसोपस मेडोज इथलं 1839 चं दीपगृह बर्फाने आणि पुराने इतकं खिळखिळं केलं, की 1871 मध्ये नवं बांधावं लागलं.

(दृश्य : जुना आराखडा. चौथऱ्याखाली उभे खांब.)

आणि चौथऱ्याखाली? लाकूड. नदीच्या तळात सुमारे 50 फूट खोल ठोकलेले 200 खांब. वरचा सगळा दगड, वीट, लोखंड त्यांच्यावर पेललेलं आहे.

लाकूड पाण्यात कुजतं, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं. कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते तसा प्राणवायूही लागतो. गाळात गाडलेल्या लाकडाला तो मिळत नाही, म्हणून ते शतकभर टिकतं. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे जीव असतात, होड्यांचे तळ चाळणीसारखे करणारे. इथलं पाणी गोडं, त्यामुळे त्यांचीही भीती नाही. एकच अट : खांब गाळाखाली झाकलेला राहिला पाहिजे.

(दृश्य : आतला जिना. वरून येणारा उजेड.)

पहिले रखवालदार हेन्री बेस्ट. त्यांच्यामागून मुलगा फ्रँक, आणि फ्रँक गेल्यावर काही काळ त्याची पत्नी, नेली बेस्ट. म्हणायला नोकरी एकाची, राबायचं सगळ्या घराने. तेलाच्या दिव्याची वात रोज कातरायची. वाकडी कातरली की ज्योत एका बाजूला चढते, काच काजळते आणि त्या दिशेचा उजेड निम्मा होतो. दिव्याचा उजेड एका झोतात आणणाऱ्या, काचेच्या कड्यांच्या फ्रेनेल भिंगाचं प्रत्येक कडं मऊ फडक्याने पुसायचं. नदीवरचं भिंग लहान असतं, पण हलगर्जी त्यालाही चालत नाही.

दिव्याचं काम वेळेला बांधलेलं. सूर्य मावळला, लावा, उगवला, विझवा. धुक्याला असं वेळापत्रक नसतं.

(दृश्य : घंटा. मग कॅमेरा आतल्या यंत्रावर येतो आणि थांबतो.)

ही धुक्याची घंटा. आणि हे तिला वाजवणारं यंत्र, अजून जागेवर असलेलं. घड्याळाचाच थोरला भाऊ म्हणा.

वरून सुरू करू. या पिंपावर दोर गुंडाळलेला असतो, दोराच्या टोकाला जड वजन. वजन खाली उतरू लागलं की पिंप फिरतं, पिंपाने दात्यांची चाकं फिरतात. आपलं आपण सोडलं तर वजन धाडकन खाली जाईल. म्हणून शेवटच्या, सगळ्यांत जलद चाकाला हा पंखा. त्याची पाती हवेला अडतात. वेग वाढला की अडथळा वाढतो, आणि यंत्र एका चालीवर येतं. मधल्या चाकावरची खुंटी हातोड्याचा दांडा मागे ओढते, सोडते. ठोका.

इथे नजर ठेवा, हातोडा आणि घंटा यांच्यामध्ये. ठोका दिल्यावर हातोडा बोटभर मागे आला पाहिजे. ते काम स्प्रिंगचं. ती सैल पडली तर हातोडा घंटेला टेकून राहतो आणि नाद तिथेच मरतो. टण्ण ऐवजी थड. मैलभर जायचा आवाज शंभर पावलांवर संपतो. आत बसलेल्या माणसाला मात्र ठोके पडताहेत हे ऐकू येतंच, म्हणून हा बिघाड चटकन ध्यानात येत नाही.

बाकीच्या तक्रारी साध्या. थंडीत तेल घट्ट होतं, चाल मंदावते. दमटपणाने दाते गंजतात. दोर एकाच जागी घासून विरतो. आणि चाल मंदावणं ही लहान गोष्ट नाही. प्रत्येक ठाण्याचा ठोक्यांचा क्रम छापील यादीत दिलेला असायचा, कप्तान हातात घड्याळ धरून मोजायचा. पंधरा सेकंदांचं अंतर वीसवर गेलं, तर त्याला वाटणार आपण भलत्याच ठिकाणी आहोत.

पंधरा सेकंदांना एक ठोका धरा. तासाला 240. दहा तासांच्या धुक्यात 2,400. वजन तळाला पोचायच्या आत पुन्हा चावी देऊन वर चढवायचं, रात्रभर. यंत्र बंद पडलं तर हाताने वाजवायचं, तेही त्याच अंतराने.

(दृश्य : पाण्यावरून उठणारी वाफ.)

धुकं दोन तऱ्हांचं. शरदात पाणी कोमट आणि पहाटेची हवा गार. तेव्हा पाण्यातूनच वाफ उठते. हे आता दिसतंय ते तसलंच. वसंतात उलट : बर्फ वितळून पाणी थंडगार आणि वरून येणारी हवा उबदार. हे दुसरं जास्त चिवट. थंड पाण्यावर उबदार हवेचा थर बसला की आवाजही वाकतो, कधी जवळ दबतो आणि लांब स्पष्ट पोचतो. म्हणून जुने नाखवे एकट्या घंटेवर विसंबत नसत. आपली शिटी वाजवायचे आणि काठावरून प्रतिध्वनी किती वेळाने येतो त्यावरून अंतर ताडायचे.

(दृश्य : मनोऱ्यावरचा आजचा दिवा.)

एमिल ब्रुनर इथे 1930 ते 1949 रखवालदार होते. पुढे दिवा स्वयंचलित झाला. आज तो हिरवा चमकतो, अडीच सेकंदांनी एकदा. मुंबईच्या खलाशाला इथे क्षणभर अडखळायला होईल. आपल्याकडे बंदरात शिरताना हिरवी खूण उजव्या हाताला ठेवतात, अमेरिकेत डाव्या.

इमारत सांभाळते ती हडसन-अथेन्स लाइटहाउस प्रिझर्वेशन सोसायटी. 2000 पासून मालकीही तिचीच.

(दृश्य : मोठं मालवाहू जहाज दीपगृहाजवळून जातं. मागे गढूळ पाणी.)

नदीच्या वरच्या अंगाला ऑल्बनीचं बंदर आहे, तिथपर्यंतचा जलमार्ग आता 32 फूट खोल आहे. जहाजं मोठी आली, त्यांचे पंखे तळाचा गाळ उचलतात. चौथऱ्याभोवतीचा गाळ गेला आणि खांब उघडे पडले. 2024 मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्वेशन’ने देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या 11 ठिकाणांत हे नाव घातलं. उपाय ठरला आहे : चौथऱ्याभोवती पोलादी कडं, म्हणजे पंख्यांचा झोत खांबांपर्यंत पोचणार नाही.

(दृश्य : जहाज पुढे जातं. लाटा उत्तरेच्या दगडी धारेवर दुभंगतात. नुसता पाण्याचा आवाज.)